घरचा संगणक आणि मुक्त कार्यप्रणालीची निवड

गेल्या कांहीं वर्षांत संगणकानें मध्यम स्थितींतील कुटुंबांतहि आपलें स्थान कायम केलें आहे. मुलांचा अभ्यास, वडिलांचा पत्रव्यवहार, आईचा घरखर्चाचा हिशेब, विजेचें बिल आणि परीक्षेचा अर्ज, इतकीं कामें तें एक यंत्र मुकाट्यानें करीत असतें. अशा पुष्कळ घरांपुढें सन २०२५ मध्यें एक प्रश्न उभा राहिला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची नेहमींची देखभाल ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविली. तिच्या पुढची 'विंडोज ११' घ्यावी, तर तिला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो ढोबळ मानानें आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. ही आठवी पिढी सन २०१७ मध्यें बाजारांत आली. त्यापूर्वीं घेतलेले बहुतेक संगणक या नियमांत बसत नाहींत. यंत्र नीट चालतें, पडदा स्वच्छ दिसतो, कळफलकाची एकहि कळ मोडलेली नाहीं. तरीहि "आतां हें भंगारांत काढा," असा सल्ला ऐकावा लागतो. ज्या कुटुंबानें हप्ते भरून तें यंत्र घेतलें, त्यास हा सल्ला जड वाटला तर नवल नाहीं.

देखभाल संपली म्हणजे यंत्र त्याच दिवशीं बंद पडतें, असें मात्र नाहीं. कोणत्याहि कार्यप्रणालींत नवनवीं छिद्रें सांपडतच असतात. जोंवर तिचे कर्ते त्यांना ठिगळें लावीत असतात, तोंवर धोका आटोक्यांत राहतो. ठिगळें येणें थांबलें, कीं छिद्रें उघडीं राहतात. आणि ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तो असा उघडा ठेवणें शहाणपणाचें नाहीं. कंपनीनें घरगुती ग्राहकांसाठीं एका वर्षाची जादा सोय जाहीर केली होती. पण तिनें प्रश्न पुढें ढकलला गेला, सुटला नाहीं. तेव्हां नवें यंत्र विकत घेणें किंवा जुन्याचा धोका पत्करणें, असे दोनच मार्ग आहेत अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः तिसराहि एक मार्ग आहे. त्याचीच माहिती आम्ही या लेखांत देऊं इच्छितों.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय, तें पाहूं. संगणकाच्या पेटींत मुख्यतः तीन वस्तू असतात : हिशेब करणारा प्रोसेसर, चालू कामापुरतें ध्यानांत ठेवणारी स्मृति, आणि कायमचा सांठा करणारी डिस्क. लेखनाचें पान, गाणें, चित्र, जाळ्यावरील शोध, अशीं अनेक कामें एकाच वेळीं या तिघांवर हक्क सांगत असतात. कालव्याच्या पाण्यावर ज्यांचीं शेतें पिकतात, त्यांना पाटकरी ठाऊक असतो. कोणाच्या शेतास केव्हां आणि किती वेळ पाणी द्यावयाचें, हें तो ठरवितो. तो नसेल तर बांधाबांधावर भांडणें होतील. कार्यप्रणाली ही संगणकांतील पाटकरी होय. प्रोसेसरचा वेळ, स्मृतींतील जागा आणि डिस्कवरील दप्तर यांची पाळी तीच लावते. यंत्र तेंच ठेवून पाटकरी बदलतां येतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येते.

आतां 'मुक्त' या शब्दाचा अर्थ. एखादे वैद्य पुडी देतात, गुण येतो, परंतु त्या पुडींत काय आहे तें सांगत नाहींत. दुसरे वैद्य औषध देतात आणि त्याची कृतीहि लिहून देतात. ज्यास समजते त्यानें ती तपासावी, सुधारावी व शेजाऱ्यासहि द्यावी. पहिल्या प्रकारची कार्यप्रणाली बंदिस्त, दुसऱ्या प्रकारची मुक्त. मुक्त प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांस वाचावयास खुला असतो. ती कोणत्याहि कामासाठीं चालविणें, तिचा अभ्यास करून तींत बदल करणें, तिच्या प्रती वांटणें आणि सुधारलेल्या प्रतीहि वांटणें, अशीं चार स्वातंत्र्यें तिच्या परवान्यानें दिलेलीं असतात. बहुधा तिला किंमत पडत नाहीं. पण फुकटेपणा हें तिचें मुख्य लक्षण नव्हे. उघडेपणा हें तिचें लक्षण आहे.

या चळवळीचा इतिहास विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावा असा आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं सन १९८३ मध्यें 'ग्नू' नांवाच्या योजनेची घोषणा केली. संपूर्णपणें मुक्त अशी कार्यप्रणाली तयार करावयाची, हा तिचा हेतु होता. बरींच उपकरणें तयार झालीं, पण सर्वांच्या गाभ्याशीं असणारा भाग, ज्याला 'कर्नेल' म्हणतात, तो पुरा होईना. सन १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरव्हल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण छंद म्हणून असा एक गाभा लिहीत आहों, असें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं त्यानें तो मुक्त परवान्याखालीं आणला. तोच 'लिनक्स'. एका विद्यार्थ्याच्या छंदास हजारों हातांची जोड मिळाली, आणि आज ज्यांना ॲन्ड्रॉइड फोन म्हणतात त्यांच्या पोटांत लिनक्सचाच गाभा आहे. जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तींतील एकूणएक यंत्रें नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलीं आहेत. सन २०२१ मध्यें मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' या चिमुकल्या हेलिकॉप्टरांतहि लिनक्सच होतें. तेव्हां मुक्त म्हणजे कमी प्रतीचें, ही शंका मनांतून काढून टाकावी.

लिनक्सचा नुसता गाभा घरीं आणून उपयोग नाहीं. त्याबरोबर पडदा, खिडक्या, लेखनाचीं साधनें हीं सर्व एकत्र बांधून द्यावीं लागतात. अशा बांधणीस 'वितरण' म्हणतात, आणि वितरणें शेंकडों आहेत. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो येथेंच. एक माणूस एकाचें नांव सांगतो, दुसरा दुसऱ्याचें. दोघेहि आपापल्या जागीं खरे असतात, आणि नवखा मात्र घाबरून विचारच सोडून देतो. म्हणून नांवांआधीं कसोट्या ठरवाव्या. आमच्या मतें नवख्यासाठीं चार कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, पडद्याची मांडणी ओळखीची असावी. दुसरी, आपल्या यंत्राच्या शक्तीस ती झेपावी. तिसरी, तिची देखभाल अनेक वर्षें चालेल असें वचन असावें. चौथी, अडचण आली असतां विचारावयास पुष्कळ माणसें असावीं.

या कसोट्या लावल्या असतां प्रथम 'लिनक्स मिंट'चें नांव घ्यावेंसें वाटतें. हें वितरण सन २००६ मध्यें क्लेमां लफेव्हर यांनीं सुरू केलें. खालीं पट्टी, डाव्या कोपऱ्यांत यादी, उजव्या कोपऱ्यांत घड्याळ, अशी त्याची मांडणी असल्यामुळें विंडोजची संवय झालेल्या माणसास परकें वाटत नाहीं. त्याला निदान २ जीबी स्मृति आणि २० जीबी डिस्क लागते. परंतु ४ जीबी स्मृति असल्यास काम सुखानें होतें. त्याचीं तीन रूपें आहेत. 'सिनॅमन' हें सर्वांत नीटनेटकें, 'मेट' मधलें, आणि 'एक्सएफसीई' सर्वांत हलकें. यंत्र दुबळें असेल तर हें शेवटचें रूप घ्यावें. प्रत्येक मुख्य आवृत्तीस पांच वर्षें देखभाल मिळते. उदाहरणार्थ, जुलै २०२४ मध्यें निघालेल्या २२ व्या आवृत्तीस एप्रिल २०२९ पर्यंत ती मिळावयाची आहे.

दुसरें नांव 'उबंटू'. मिंट ज्या पायावर उभें आहे तो पाया हाच. सन २००४ मध्यें मार्क शटलवर्थ यांच्या प्रयत्नानें तें निघालें. दर दोन वर्षांनीं एप्रिलमध्यें त्याची दीर्घ देखभालीची आवृत्ति येते. त्याची मांडणी थोडी निराळी, आणि यंत्र जरा सशक्त लागतें. परंतु त्याविषयीं जितकी लिखित माहिती मिळते तितकी क्वचितच दुसऱ्याविषयीं मिळेल. तिसरें 'झोरिन'. आयर्लंडमध्यें तयार होणारें हें वितरण विंडोज सोडून येणाऱ्यांची सोय विशेषेंकरून पाहतें. आपल्या देशांतहि या दिशेनें काम झालेलें आहे. पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाचें वितरण तयार केलें व त्यांत भारतीय भाषांची सोय केली. आणि केरळ राज्याच्या शाळांनीं तर मुक्त प्रणालीवरच हजारों विद्यार्थ्यांस संगणक शिकविला आहे. 'आर्च'सारखीं वितरणें मात्र नवख्यानें आरंभीं घेऊं नयेत. तीं वाईट नव्हेत. परंतु त्यांत घर आपणच वीट न् वीट रचून बांधावयाचें असतें.

निवड करण्यापूर्वीं परीक्षा पाहतां येते, हा या प्रणालींचा मोठा गुण आहे. तिची रीति अशी. वितरणाच्या स्वतःच्या अधिकृत ठिकाणाहून त्याची फाइल उतरून घ्यावी. भलत्या ठिकाणाहून घेऊं नये. त्या ठिकाणीं फाइलीचा एक लांबलचक पडताळा-अंक दिलेला असतो, त्याशीं आपली फाइल ताडून पाहावी. मग ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घेऊन, त्यासाठीं असलेल्या साधनानें ती फाइल त्यावर लिहावी. ड्राइव्हवरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें, हें विसरूं नये. नंतर संगणक बंद करून सुरू करतांना एफ १२, एफ २ किंवा तत्सम कळ दाबून पेन ड्राइव्हवरून आरंभ करण्यास सांगावें. थोड्या वेळांत नवी प्रणाली पडद्यावर उभी राहते, आणि आपण होऊन स्थापना करीपर्यंत डिस्कवरील जुन्या दप्तरास ती हात लावीत नाहीं. पेन ड्राइव्ह काढला, कीं यंत्र पूर्ववत्.

या परीक्षेंत काय पाहावें ? वायफाय जोडलें जातें काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, घरच्या प्रिंटरवर एक पान छापलें जातें काय, आणि झांकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागें होतें काय. हीं पांच कामें जमलीं तर पुढें जावें. एखादें न जमल्यास दुसरें वितरण त्याच रीतीनें पाहावें. पेन ड्राइव्हवरून चालतांना गति कमी असते, म्हणून वेगाचा निकाल मात्र येथें देऊं नये. यंत्रांत जुनी फिरती डिस्क असल्यास तिच्या जागीं एस. एस. डी. बसविल्यानें यंत्रास जणूं नवें आयुष्य मिळतें. आणि हा खर्च नव्या संगणकाच्या मानानें पुष्कळच थोडा असतो.

मराठी लिहिण्याची चिंता बाळगूं नये. कळफलकाच्या मांडण्यांच्या यादींत मराठी जोडली, कीं काम झालें. 'इनस्क्रिप्ट' मांडणींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे असतात, म्हणून वर्णमाला पाठ असलेल्या मुलास ती लवकर साधते. पत्रें व हिशेब यांसाठीं 'लिबरऑफिस', जाळ्यासाठीं 'फायरफॉक्स', लहानग्यांच्या खेळांतून शिक्षणासाठीं 'जीकॉम्प्री' आणि चित्रांसाठीं 'टक्स पेंट', हीं सर्व मुक्तच आहेत.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कारण केवळ स्तुति वाचून कोणी निर्णय घेतला व तो फसला, तर दोष आमच्याकडे येईल. घरांतील कोणाचा धंदा 'टॅली'वर चालत असेल, कोणास 'फोटोशॉप' लागत असेल, किंवा एखाद्या परीक्षेसाठीं विंडोजच असावी अशी अट असेल, तर त्यांनीं संपूर्ण बदल करूं नये. हीं साधनें लिनक्ससाठीं केलेलीं नाहींत. अशा घरीं दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर शेजारी शेजारी ठेवतां येतात. मात्र देखभाल संपलेल्या प्रणालींतून जाळ्यावर जाणें टाळावें. वर्डमध्यें केलेलीं पानें लिबरऑफिसमध्यें उघडतात, पण गुंतागुंतीची मांडणी कधीं कधीं विस्कटते, हेंहि ध्यानांत असावें.

प्रत्यक्ष स्थापना करण्याआधीं एक नियम अगदीं वेदवाक्याप्रमाणें पाळावा : घरांतील छायाचित्रें, दाखले, हिशेब, मुलांचे निबंध, जें जें मोलाचें, त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती उघडते कीं नाहीं हें पाहून ठेवावें. डिस्क 'बिटलॉकर'नें कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली आधीं लिहून घ्यावी. "संपूर्ण डिस्क पुसून स्थापना करूं काय ?" हा प्रश्न पडद्यावर येईल, तेव्हां घाईनें होकार देऊं नये, एकदां पुसलेलें बहुधा परत येत नाहीं. स्थापना झाल्यावर मिंटमधील 'टाइमशिफ्ट' हें साधन सुरू करावें. तें प्रणालीची जशीच्या तशी स्थिति सांठवून ठेवतें, आणि पुढें कांहीं बिघडल्यास मागल्या दिवसावर परत नेतें. घरच्या कागदपत्रांची प्रत मात्र वेगळीच काढावी लागते, कारण तें साधन प्रायः प्रणालीपुरतेंच पाहतें.

पालकांस आमची विनंती इतकीच, कीं चांगलें चालणारें यंत्र टाकून देण्यापूर्वीं एक सुटीचा दिवस या परीक्षेस द्यावा. त्यांत गेलाच तर एक दिवस जाईल. साधलें तर बरीच मोठी रक्कम वांचेल, आणि ती मुलांच्या पुस्तकांकडे वळवितां येईल. विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें निराळें. बंद पेटीचा उपयोग करतां येतो, उघड्या पेटीपासून शिकतांहि येतें. ज्या प्रणालीचा प्रत्येक शब्द वाचावयास मोकळा आहे, ती घरीं असणें म्हणजे एक ग्रंथालयच घरीं असणें होय. आज तुम्ही तिचीं नांवें मराठींत आणण्यास हातभार लावूं शकतां, उद्यां तिच्यांतील एखादी चूक शोधूं शकतां. हेलसिंकीच्या त्या विद्यार्थ्याजवळहि आरंभीं एक साधा घरगुती संगणक आणि जिज्ञासा, याहून फारसें अधिक कांहीं नव्हतें.