आपला रेडिओ आपल्या हातात का राहत नाही?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. म्हसळ्यात वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले. मुंबईत, गल्फमध्ये असलेली मुलं घरी फोन लावून थकली. सेलवरचा ट्रान्झिस्टर आणि गावातलंच एखादं छोटं केंद्र असतं, तर कुठला रस्ता मोकळा झाला, पाण्याचा टँकर कुठे येणार, एवढं तरी घरोघरी कळलं असतं.

मग असं केंद्र आपल्याकडे का नाही? हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या रेडिओची गोष्ट उपयोगी पडते. (म्हसळा जंजिरा संस्थानात होतं आणि तिथले सिद्दी नवाब मूळचे आफ्रिकेचेच. तेव्हा ही माणसं आपल्याला अगदी परकी नाहीत.)

१९४९ मध्ये जेसी ब्लेटन या हिशेबनीसाने अटलांटा शहरातलं डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतलं. काळ्या माणसाच्या मालकीचं तिथलं हे पहिलं केंद्र. त्याआधी काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम होते, पण मालक गोरे. पुढे त्याच इमारतीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं ऑफिस आलं. असं सांगतात, की काही जाहीर करायचं असलं की किंग झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे आणि वरून खिडकीतून माईक खाली यायचा.

केंद्र हाती आलं, तरी खरं दुखणं पैशाचं. श्रोते भरपूर असूनही कंपन्या काळ्यांच्या केंद्रांना जाहिराती देणं टाळतात, किंवा दिल्या तर कमी दराने, हे १९९९ मध्ये तिथल्या प्रसारण आयोगाने करून घेतलेल्या अभ्यासातच आलं. अल्पसंख्याकांना केंद्र विकणाऱ्याला १९७८ पासून करात सवलत मिळायची, ती १९९५ मध्ये काढून घेतली. लगेच १९९६ च्या कायद्याने देशभरात एका कंपनीने किती केंद्रं घ्यावीत ही मर्यादाच उठवली. मोठ्यांनी शेकड्याने केंद्रं घेतली, छोट्यांनी विकली.

आपल्याकडे सामुदायिक रेडिओ २००६ पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही काढता येतो. एकट्या माणसाला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला नाही. ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. आपल्याकडे मध्ये डोंगर आला की तेही नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावायच्या. हवामान, वीज-पाणी, आपत्तीच्या सूचना मात्र चालतात, आणि वादळात तेच तर हवं असतं!

आता कमाई. २०२४ मध्ये जाहिरातीचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ झाला, सरकारी दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये. सगळा वेळ भरला तर तासाला ५,३२८ रुपये होतात. पण भरणार कोण? सरकारी जाहिरात रोज येत नाही, आणि बाजारपेठेतला दुकानदार स्टेटसवर फुकट जाहिरात करतो.

साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून आहे. तिच्यामागे महिलांची माणदेशी संस्था भक्कम उभी आहे. म्हसळ्यात एखाद्या संस्थेने अर्ज करायचा, तर त्याआधी दर महिन्याचं वीजबिल, दुरुस्ती आणि दोन मुलांचा पगार निदान पाच वर्षं कोण देणार, हे कागदावर लिहून घ्यावं लागेल.