निगा (भाग ९) : चिलमीचे कीट, पाइपचा थर

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर नरपड लागते. एका अंगाला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट की कपाटातल्या चामडी चपलेवर बुरशी धरते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते. अशा गावात तंबाखूचा पाइप बाळगणे म्हणजे रोजचे काम मागून घेणे. ओढून झाल्यावर नळीत राहिलेला ओलावा सुकत नाही, डबीतल्या तंबाखूवर पांढरी लव येते आणि आठ दिवस न हात लावलेल्या पाइपच्या तोंडातून आंबूस वास मारू लागतो.

या पट्ट्यात पाइप फारसा रुजला नाही याचे कारण अर्थातच हवा नव्हे. वारली पाड्यांवर विडी चालते. डहाणू-घोलवडच्या वाड्या उभ्या करणाऱ्या पारशी आणि इराणी घरांत तर धूम्रपानच परंपरेने निषिद्ध. ज्यांचा आतश बेहराम, म्हणजे इराणशाह, १७४२ पासून इथून जवळच, गुजरातच्या हद्दीत उदवाड्याला तेवतो आहे, त्यांनी अग्नी तोंडाला लावून उष्टा करायचा कसा? नव्या पिढ्यांनी हे किती पाळले हा वेगळा विषय.

विडी मात्र सगळ्यांना पुरून उरली आणि त्यामागे एक साधी सोय आहे. विडीला निगा नाही. ओढली, थोटूक टाकले, संपले. चिलीम, हुक्का आणि पाइप यांना भांड्यासारखे घासावे-पुसावे लागते, आणि तिघांची रीत तीन तऱ्हांची. एकाला लागू पडणारी सफाई दुसऱ्याचा घात करते. मागच्या आठवड्यात पितळी समईच्या काजळीबद्दल लिहिले होते. या आठवड्यात तिच्याहून चिवट अशा कीटाबद्दल.

तंबाखू जळते तेव्हा नुसता धूर निघत नाही. पाण्याची वाफ, निकोटीन आणि डांबरासारखे शेकडो पदार्थ धुराबरोबर निघतात आणि नळीच्या थंड भिंतीला लागले की तिथेच गोठतात. त्यात राख मिसळली की तपकिरी, चिकट, कडू असे कीट तयार होते. भिंत मातीची असेल तर ते आत मुरते, लाकडाची असेल तर थोडे मुरते आणि बाकीचे जळून कोळशाचा थर होतो, धातूची किंवा काचेची असेल तर वर नुसते चिकटून बसते. पुढची सगळी सफाई या एका फरकावर चालते.

महाराष्ट्रात चिलमीची सर्वांत तपशीलवार नोंद सापडते ती संतचरित्रांत. दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’तली चांद पाटलाची गोष्ट घराघरांत माहीत आहे. हरवलेली घोडी शोधून थकलेला धूपखेड्याचा पाटील, झाडाखाली बसलेला फकीर, फकिराने चिलमीसाठी जमिनीत चिमटा खुपसून काढलेला निखारा आणि सटका आपटून काढलेले पाणी. चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. निगेच्या अंगाने पाहिले तर मौज त्या पाण्यात आहे. विस्तव कशाला हवा हे कोणालाही कळते. पाणी लागले ते छापी भिजवायला.

छापी म्हणजे चिलमीच्या खालच्या, निमुळत्या तोंडाला गुंडाळायची ओली चिंधी. चिलीम ही मुळात मातीची दोन्हीकडे उघडी नळी. वरचे तोंड रुंद, त्यात तंबाखू आणि तिच्यावर विस्तव. आत, निमुळत्या भागात, एक खडा अडकवलेला असतो. तो नसेल तर जळती तंबाखू थेट घशात. खडा बरोब्बर गोल असून चालत नाही, कारण मग तो वाटच बंद करतो. थोडा ओबडधोबड असला की त्याच्या कडेने धूर वाट काढतो. छापी ओली असल्याने राखेचे बारीक कण आणि थोडे कीट तिच्यात अडकते, धूर किंचित निवतो आणि मुठीतल्या फटी बुजून दम नीट लागतो. दर वेळी ती पिळून, धुऊन पुन्हा भिजवायची. वाळलेली, कडक झालेली छापी ओढणाऱ्याच्या आळसाची साक्ष देते.

शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातही चिलीम येते, पण तिथे अडते ते पाण्यावाचून नाही, विस्तवावाचून. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी जानकीराम सोनाराने विस्तव द्यायचे नाकारले आणि महाराजांनी बंकटलालला चिलमीवर नुसती काडी धरायला सांगितली, ही दासगणूंच्या ‘गजानन विजय’मधली कथा. सणाच्या दिवशी घरचा विस्तव बाहेर देत नाहीत, हा त्या काळचा संकेत आणि चिलीम ओढणाऱ्याची शेजाऱ्याच्या शेगडीवरची भिस्त, दोन्ही त्यात नोंदले गेले आहे. दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे सहकारी आणि अमरावतीचे नामांकित वकील. त्यांच्या १९११-१२ च्या शिर्डीतल्या रोजनिशीतही साईबाबांनी आपली चिलीम त्यांच्यापुढे केल्याच्या नोंदी आहेत. वकील, पाटील, फकीर, एकच चिलीम. एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडी जाते हे तेव्हा कोणाला खटकत नसे. आज खटकायला हवे.

आता सफाई. ती पाहायची तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या कुंभमेळ्यात साधूंच्या तळावर पाहावी. सुती चिंधीची लांब पट्टी फाडून पीळ देऊन तिची दोरी करतात. ती चिलमीतून ओवून एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचे, दुसरे टोक एका हाताने वर ताणायचे आणि दुसऱ्या हाताने चिलीम त्या ताणलेल्या दोरीवर सरसर खाली-वर करायची. शेजारी शिष्य असेल तर दुसरे टोक त्याच्या हाती. पहिल्या घासणीत दोरी तपकिरी होते, पुढच्या दोन-तीनमध्ये काळी. मग तिची कोरी जागा पुढे ओढायची. दोरी फिक्या रंगाची निघू लागली की काम झाले. खडा आधीच ठोकून बाहेर काढलेला असतो. त्याचे कीट खरवडून किंवा निखाऱ्यात टाकून जाळून घेतात.

एवढे करूनही मातीत मुरलेले कीट निघत नाही. त्यावर उपाय एकच, आणि तो फक्त मातीलाच मानवतो : भाजणे. कोरडी चिलीम निखाऱ्याच्या कडेला ठेवून हळूहळू तापवायची आणि मग निखाऱ्यात सारायची. मुरलेले डांबर पेट घेते, उग्र धूर सुटतो आणि काळवंडलेली माती पुन्हा तांबूस दिसू लागते. घाई केली किंवा चिलीम ओली असली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती तडकते. कुंभाराच्या आव्यात एकदा भाजून निघालेली माती दुसऱ्यांदा भाजायला घाबरत नाही, हा तिचा मोठा गुण. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत पांढऱ्या मातीचे लांब दांड्याचे पाइप चालत. खानावळवाले ते लोखंडी जाळीत रचून भट्टीत ठेवत आणि पुन्हा गिऱ्हाइकांच्या हाती देत. शिर्डीचा फकीर आणि लंडनचा खानावळवाला यांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. मातीनेच दोघांना एक रीत शिकवली.

हुक्क्याची गोष्ट दरबारी आहे आणि ती सुरू होते आपल्या सीमेवरच्या विजापुरात. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशाहाकडे गेला होता. १६०४च्या सुमारास परतताना त्याने तिथली तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहासाठी नेली. अकबराने चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, पण उमरावांना चटक लागायची ती लागलीच. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूला बंदी केली. तिचे पुढे काय झाले हे हुक्क्यांच्या संख्येवरूनच दिसते.

बीदरने हुक्क्याला बूड दिले. बिदरी काम म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर चांदीची तार-पत्रा ठोकून केलेली नक्षी, आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप देऊन आणलेला काळा रंग. माती जस्ताला काळे करते, चांदीला हात लावत नाही. आजीच्या काळच्या बिदरी हुक्क्याला उत्साहाने चिंच-लिंबू लावणाऱ्यांनी इथे थांबावे. आंबट पदार्थ पितळेला उजळतो, पण जस्ताला खातो. काळी झिलई गेली की राखाडी ठिगळे उरतात आणि ती घरी दुरुस्त होत नाहीत. मऊ कोरडे फडके आणि खोबरेल तेलाचा पुसट हात, इतके पुरते. आतून मात्र दर वेळी पाणी बदलणे आणि नेच्यातून, म्हणजे धुराच्या उभ्या नळीतून, काडी फिरवणे याला पर्याय नाही. शिळे पाणी दुसऱ्या दिवशी नाकाजवळही धरवत नाही.

पाण्यातून गाळलेला धूर निरुपद्रवी, हा समज याच सफाईतून जन्मला असावा. पाण्याने धूर थंड होतो, विषारी कार्बन मोनॉक्साइड त्यातून तसाच पार होतो. आणि धोका नुसता नळीच्या आत नसतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी उडाल्याचा संशय तपासात पुढे आला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून हुक्का पार्लर बंद केले.

राहिला पाइप. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पाइप म्हटले की व्यंगचित्रकार बाळासाहेब ठाकरे येतात, नंतर त्या हातात सिगार आला. पाइपचे उत्तम लाकूड ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती उकळून, महिनोन्महिने वाळवून घेतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोद या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिच्यावर आपला धंदा उभा केला. हे लाकूड सहजी जळत नाही, पण शेवटी लाकूडच. चिलमीसारखे निखाऱ्यात घातले तर सरपण.

म्हणून इथे रीत उलटी. पाइपच्या वाटीत कोळशाचा एक थर मुद्दाम बसू द्यायचा. तो लाकडाला आचेपासून वाचवतो आणि ओल शोषतो. पण राखायचा सुमारे मिलिमीटरभरच. त्याहून जाड झाला की तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारखे फुगत नाहीत, वाटीला आतून ताण बसतो आणि एक दिवस तडा जातो. जादा थर खरवडायला वाटीच्या मापाचे गोल पात्याचे हत्यार मिळते. घरचा चाकू घेतला तर वाटीचा तळ एका कडेला खोल होतो, तो कायमचा.

रोजचे काम त्याहून सोपे. पाइप पूर्ण निवू द्यायचा. गरम असताना दांडी पिळून काढली तर सांध्याचे भोक सैल होते किंवा खुंटी तुटते, आणि पाइप बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. निवल्यावर राख झटकायची, नळीतून केसाळ तार फिरवायची आणि पाइपला एक-दोन दिवस विसावा द्यायचा. ही तार, पाइप क्लीनर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघाली. आज ती दादर-डहाणूच्या स्टेशनरीच्या दुकानांत रंगीबेरंगी जुडग्यांनी मिळते आणि शाळकरी मुले तिची फुलपाखरे करतात. तिच्या नावातला पाइप कोणता, हे त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक नसलेलेच बरे.

जुन्या पाइपच्या वाटीतून शिळा वास जात नसेल तर नळीच्या तोंडाशी कापूस कोंबून वाटीत जाडे मीठ भरतात, त्यावर ते भिजेल इतके शुद्ध स्पिरिट टाकतात आणि रात्रभर ठेवतात. सकाळी मीठ चहाच्या रंगाचे झालेले असते. ते पूर्ण काढून पाइप काही दिवस वाळू द्यायचा. स्पिरिट असेपर्यंत काडेपेटी त्याच्या आसपास नको, हे सांगायला नको. मीरशॉम, म्हणजे तुर्कस्तानात एस्कीशहरजवळ निघणाऱ्या मऊ पांढऱ्या खनिजाचा पाइप असेल, तर हा सगळा परिच्छेद विसरायचा. त्यात कोळशाचा थर ठेवत नाहीत आणि स्पिरिटही घालत नाहीत.

दांडी काळ्या एबोनाइटची असेल तर नरपडचे ऊन आणि दमट हवा तिच्या मुळावर. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उजेड आणि ओल लागली की गंधक वर येते, दांडी हिरवट-तपकिरी पडते आणि ओठाला कडू लागते. खिडकीतल्या काचेच्या कपाटात पाइप मांडून ठेवणाऱ्यांच्या दांड्या हमखास अशा होतात. दात घासायच्या पांढऱ्या पेस्टने हलके चोळले तर वरवरची छटा जाते, फार मुरलेली असेल तर बारीक पॉलिश पेपर ओला करून लावावा लागतो. पावसाळ्यात पाइप बंद डबीत कोंडू नये, हवेशीर सावलीत, दांडी खाली करून ठेवावा. कातडी वेष्टन असेल तर ते आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावे.

आणि एक अपवाद. आजोबांच्या पेटीत चिलीम किंवा पाइप सापडला आणि तो वापरायचा नसून जपायचा असेल, तर आतल्या कीटाला हात लावू नये. उत्खननात मिळालेल्या पाइपच्या आतल्या लेपातून निकोटीनचा माग काढून तिथे तंबाखू ओढली जात होती की दुसरेच काही, हे संशोधक ठरवतात. घासलेला पाइप असे काही सांगू शकत नाही. बाहेरची धूळ मऊ ब्रशने काढून वस्तू कोऱ्या, आम्लविरहित कागदात गुंडाळावी आणि सोबत चिठ्ठी ठेवावी : कोणाची, कुठली, साधारण कोणत्या सालातली.

(पुढच्या आठवड्यात : अडकित्त्याची धार आणि त्याची खीळ)