पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर

३१ जानेवारी २०२१. यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओ डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. थेंबांवर निभावलं, एरवी त्यातल्या अल्कोहोलने लहानग्यांची रक्तशर्करा झपाट्याने घसरते.

असाच धोका अनेक घरांत असणाऱ्या सांधेदुखीच्या तेलाच्या बाटलीतही असतो. कातडीवरचा मृत पेशींचा थर औषधाला बराच अडवतो. पण तेल पोटात गेलं तर आतड्यात असा पहारा नाही. अशा तेलांत वापरल्या जाणाऱ्या विंटरग्रीन तेलाच्या शुद्ध रूपात, ५ मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट, म्हणजे वीसेक गोळ्या! लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरे. अशा तेलांतला कापूर तर काही मिनिटांतही झटके आणतो. म्हणूनच मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती हट्ट नको. झटका आला तर उलटी श्वासनलिकेत शिरू शकते. १०८ ला फोन लावा, बाटली सोबत न्या.