ओझ्याची जाणीव सवयीने मरत नाही

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींतून माणसं वाशीच्या बाजार समितीत गोणी वाहायला जातात. त्यांच्याविषयी सर्रास म्हटलं जातं, ‘त्यांना सवय असते, वजन जाणवत नाही.’ हे साफ चूक आहे. सवयीने पेलण्याचं तंत्र सुधारतं, जाणीव बंद होत नाही. ती बंद पडली तर ट्रकला लावलेल्या फळीवरून गोणीसकट चढणं अशक्य होईल.

वजन कातडीला कळतं, हा समज अर्धाच खरा. खांद्यावरचा दाब कातडी सांगते, पण मुख्य खबर आतून येते. स्नायू किती ताणला गेलाय, हे त्यातल्या सूक्ष्म संवेदकांना कळतं. किती जोर लागतोय, हे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांतल्या संवेदकांना. शिवाय स्नायूंना किती जोराचा हुकूम सोडला, याचा हिशेब मेंदू ठेवतो. म्हणून दमल्यावर तीच गोणी जड वाटते. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते कळतं, तेही याच संवेदकांमुळे. त्यांतल्या ‘पीझो-२’ या प्रथिनाच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

ही खबर मेंदूच्या विद्युतलहरींतही उमटते. या लहरी म्हणजे फक्त विचार, असं अनेकांना वाटतं. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. हालचाल आणि स्पर्श सांभाळणाऱ्या भागावर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची ‘म्यू’ लय दिसते. हात हलवला की ती दबते. आपण हात सैल सोडून दुसऱ्याने तो हलवला, तरीही दबते! म्हणजे तिच्यावर हुकमाबरोबरच शरीराकडून येणाऱ्या खबरीचाही परिणाम होतो. १३ ते ३० आवर्तनांची ‘बीटा’ लय निराळी वागते. ओझं स्थिर धरलं असताना तिचा स्नायूंच्या विद्युतलयीशी मेळ बसतो, हालचालीत ती ओसरते, थांबल्यावर उसळते.

मात्र वजन वाढलं की लहर तितकीच मोठी होते, असं नाही. लहरींच्या आलेखावरून किलो मोजता येत नाहीत.

थकलेल्या स्नायूंकडून येणाऱ्या खबरीत चुका वाढतात. पाय कुठे पडतोय याचा अंदाज हुकतो. एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोंहून जास्त वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच केली आहे. गोणी भरणाऱ्यांनी ५० किलोंवर थांबावं आणि दोन खेपांमध्ये माणसाला दम घेऊ द्यावा.