मैत्रिणीसाठी मोरावळा

मोरावळा एका दिवसात होत नाही. संक्रांतीला तो मैत्रिणीच्या हातात द्यायचा, तर मार्गशीर्षातच आवळे घरात यायला हवेत. अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूरचा घाट चढला की आमचं मेडशी लागतं. थंडी पडली की इकडे डोंगरी आवळा चांगला भरतो. मी त्यातले मोठे, बिनडागी, पिवळसर झाक आलेले निवडते. हळदीकुंकवाला सगळ्याजणींना लुटायचं वाण वेगळं असतं. ही बरणी एकीसाठीच असते, म्हणून निवडायला वेळ लागला तरी चालतो.

किलोभर आवळ्याला दीड किलो साखर. आवळे धुऊन, पुसून स्टीलच्या काट्याने बीपर्यंत टोचायचे. लोखंड नको, त्याने आवळा काळा पडतो. टोचताना पहिल्या दहाबारा आवळ्यांनाच बोटं तुरट होतात. सगळीकडून सारखं टोचलं नाही तर पाक आत जात नाही आणि बीजवळचा गर तुरटच राहतो. टोचलेले आवळे रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवले की गर घट्ट राहतो. सकाळी दोनतीनदा धुऊन ते उकळत्या पाण्यात सोडायचे. इथे मात्र नजर हलवायची नाही. आवळ्यावरच्या सहा रेघा फिकट उमटतात, मग एखादी किंचित उकलते. “रेघ दिसली की काढजो व, फुटू नोको देऊ,” असं शेजारच्या मावशी दारातूनच सांगतात. मिनिटभर उशीर झाला तर फाका सुटतात.

पाक पहिल्या दिवशी पातळच हवा. घट्ट पाकात टाकलेल्या आवळ्यातलं पाणी भराभर बाहेर येतं, पण साखर तेवढ्या वेगाने आत शिरत नाही, फळ सुरकुततं. बाजारातल्या कित्येक बरण्यांत असे आक्रसलेले आवळे दिसतात आणि मला वाईट वाटतं, कारण घाई सोडली तर आणखी काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की पाक पाण्यासारखा झालेला असतो. आवळे अलगद उपसून नुसता पाक आटवायचा, कोमट झाला की आवळे परत घालायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी पाक दोन बोटांत धरून ओढला की दोन तारा सुटायला हव्यात. अशा मुरंब्यात साखर पासष्ट ते सत्तर टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून तो टिकतो. मग वेलदोडा आणि दोन लवंगा. केशर मी घालत नाही. आवळ्याचा स्वतःचा वास राहू द्यावा.

काचेची बरणी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवते. मोरावळा पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर वाफेचं पाणी वर साचून बुरशी धरते. आवळे पाकात बुडालेले हवेत. मैत्रीण पुण्याला असते, तेव्हा बरणी जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात बसवते आणि सोबत चिठ्ठी ठेवते: चमचा कोरडाच घाल, रोज सकाळी एक खा, उरलेला पाक पोळीला लाव.