बिल्ल्यांसाठी खेळ की खेळासाठी बिल्ले?

व्हिडिओ गेममध्ये हल्ली खेळ संपला तरी खेळ संपत नाही. राक्षस मेला, राजकन्या सुटली, तरी पडद्यावर हिशेब झळकतोच : पन्नासपैकी एकतीस बिल्ले मिळाले. उरलेल्या एकोणिसांसाठी मूल पुन्हा बसते. डोंबिवलीत आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा सुट्टीत असाच बसलेला दिसतो. ‘मजा येतेय का रे?’ असे मी विचारले, तर म्हणाला, ‘काका, आता तीनच राहिलेत!’ मी मजेबद्दल विचारले होते. त्याने शिल्लक सांगितली.

ही हौस तशी जुनी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली ॲक्टिव्हिजन कंपनी ठरावीक गुणांचा आकडा दाखवणारा टीव्हीचा फोटो पाठवला की कापडी बिल्ला टपालाने घरी धाडत असे. 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 बरोबर ‘अचीव्हमेंट’ आल्या आणि त्यांची बेरीज खेळाडूच्या नावाला कायमची चिकटली. 2008 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर करंडक आले.

यात सारे वाईटच आहे, असे मी म्हणणार नाही. हरिश्चंद्रगड नेहमीच्या वाटेने पाहिलेल्याला कोणी ‘एकदा नळीच्या वाटेने चढून बघ’ म्हटले, तर तोच गड नवा होतो. काही बिल्ले असे वाटाड्याचे काम करतात. पण ‘हजार नाणी गोळा करा’ हा बिल्ला म्हणजे गडाच्या पाटीजवळ फोटो काढून खाली उतरणे. किल्ल्यांची संख्या वाढते, किल्ला पाहायचा राहतो.

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच प्रशस्तिपत्र कबूल केले. काहींना ते नंतर अचानक दिले. काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षीस कबूल केलेली मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हे, ते आधी डोळ्यांपुढे टांगण्याचा.

आपल्या कल्याणचेच उदाहरण घ्या. जानेवारी 2016 मध्ये भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. 1899 पासूनचा कॉलिन्सचा नाबाद 628 धावांचा विक्रम त्याने पहिल्याच दिवशी मागे टाकला. हजाराचा बिल्ला आधी कोणी टांगून ठेवलेला नव्हता. तो टांगला गेला नंतर. मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली, आणि 2017 मध्ये मुलाची कामगिरी पूर्वीसारखी होत नाही म्हणून वडिलांनीच ती थांबवण्याची विनंती केली. पन्नास धावा काढून परतणारा मुलगा एरवी घरी खुशीत जातो. ज्याच्या नावापुढे 1009 आहे, त्याच्या पन्नासांचे कौतुक कोण करणार?

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाने ‘किती’ मिळवले, हे पडदा सांगतोच. तेच आपण पुन्हा विचारू नये. ‘आज काय गंमत झाली?’ असे विचारावे. सांगताना त्याचे डोळे चमकले, तर बिल्ल्यांची चिंता नको. उत्तरादाखल नुसता आकडा आला, तर समजावे की खेळ केव्हाच संपला आहे आणि आता नुसतीच नोकरी चालू आहे, तीही बिनपगारी.