पाच स्टार आणि रिकाम्या खुर्च्या

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दर शनिवारी प्रोजेक्टरवर पिक्चर लावायची पद्धत सुरू झाली. पिक्चर निवडायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर ‘हा रिव्ह्यू वाचतो!’ मी खरंच वाचतो. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी वाचन यथातथाच (या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याबद्दल संपादकांचे आभार), पण इंग्रजी पेपरमधली चित्रपट परीक्षणं मात्र आठवीपासून न चुकता वाचत आलोय. त्यामुळे आपल्याला पिक्चरमधलं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती.

पहिल्या शनिवारी मी ‘कोर्ट’ लावला. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा मराठी चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, भारतातर्फे ऑस्करसाठी निवड. एवढं सगळं नावावर असलेला पिक्चर, म्हटलं पब्लिक खूश होणार! सुरुवातीला पन्नासेक जण होते. पाऊण तासानं जेमतेम पंधरा उरले. पडद्यावर कॅमेरा जागचा हलेना आणि इकडे पब्लिक मात्र एकेक करून हलायला लागलं. माझा रूम पार्टनर जाता जाता म्हणाला, “अरे, हा पिक्चर आहे का सीसीटीव्ही फुटेज?”

रात्री रूमवर जोरदार भांडण झालं. मी म्हणालो, “तुम्हा लोकांना अक्कलच नाही.” तो म्हणाला, “तुझ्या समीक्षकांना पिक्चर फुकट बघायला मिळतो, म्हणून त्यांना काहीही चालतं.” चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या चार दिवसांत मी जो विचार केला, तो इथे मांडतोय.

फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आपण मल्टिमीटर वापरतो. सर पहिल्याच दिवशी बजावतात की व्होल्टेज ‘एका’ पॉइंटचं नसतं, दोन पॉइंटमधलं असतं. लाल प्रोब त्याच जागी ठेवून काळा प्रोब दुसरीकडे लावला की रीडिंग बदलतं. मीटर बिघडलेला नसतो, सर्किटही तेच असतं. फक्त संदर्भ बदललेला असतो.

पिक्चरचं अगदी असंच आहे. समीक्षक आठवड्याला तीन-चार पिक्चर बघतो असं धरलं, तर वर्षाचे दीडशेच्या वर झाले. तेच ते प्रेमाचे त्रिकोण, तेच विमानतळावरचे शेवट त्याने शंभरदा पाहिलेले असतात. त्यामुळे कोणी जरा वेगळं काही केलं की त्याला पावसाची सर आल्यासारखं वाटतं. आपण महिन्याला एखादा पिक्चर बघतो. आपल्याला ‘तेच ते’ अजून तेच ते झालेलं नसतं. त्याचा काळा प्रोब दीडशे पिक्चरवर, आपला बारांवर. मग रीडिंग जुळणार कसं?

दुसरं म्हणजे प्रश्नच वेगळा असतो. समीक्षकाला विचारलेलं असतं, ‘हा चित्रपट कसा बनवलाय?’ आपण विचारतो, ‘आजची संध्याकाळ चांगली जाईल का?’ तिकीट, रिक्षा आणि इंटरव्हलचा समोसा हे सगळं आपल्या खिशातून जातं. समीक्षक बहुतेक वेळा खास खेळाला, डोक्यात लेखाची जुळवाजुळव करत बसतो. आपण मित्रांच्या घोळक्यात बसतो. हसणं हे बऱ्याच अंशी शेजाऱ्यामुळे येतं, हे ज्याने एकट्याने लॅपटॉपवर विनोदी पिक्चर बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण म्हणजे जाहिरातीतलं वचन. २०१७ साली ‘मदर!’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला. बऱ्याच समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. पण अमेरिकेत ‘सिनेमास्कोर’ नावाची एक कंपनी पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ग्रेड घेते, तिथे या पिक्चरला ‘एफ’ मिळाला. म्हणजे सरळ नापास! लोक भुताटकीचा पिक्चर समजून गेले होते आणि समोर आलं रूपकांनी भरलेलं काहीतरी भलतंच. मेसच्या बोर्डावर पनीर लिहायचं आणि वाढायची दुधी. मग दुधी कितीही चांगली झालेली असो, पोरं बोंबलणारच.

आता आकड्यांचं बघू, कारण आपण इंजिनिअर लोक आकड्यांवर पटकन विश्वास ठेवतो. ‘रॉटन टोमॅटोज’वर ९० टक्के दिसले की आपल्याला वाटतं पिक्चरला शंभरपैकी नव्वद मार्क पडले. तसं नसतं. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच ते सांगतं. समजा दहाच्या दहा जण म्हणाले, “ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही,” तर पिक्चरला १०० टक्के. नऊ जण वेडे झाले आणि एकाला आवडला नाही, तर ९० टक्के. आता यातला कुठला पिक्चर तुम्ही बघाल? प्रेक्षकांच्या रेटिंगचंही तेच. सगळे प्रेक्षक मत देत नाहीत. जो फार खूश झाला किंवा फार चिडला, तोच बटण दाबायचे कष्ट घेतो. ज्याला ‘बरा’ वाटला तो झोपून जातो.

मग समीक्षक हवेत कशाला? इथे ‘शोले’ची गोष्ट सांगायलाच हवी. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला तेव्हा सुरुवातीची परीक्षणं चांगली नव्हती. निर्माते इतके घाबरले की शेवट बदलून जयला जिवंत ठेवायचा विचारही झाला. पण लोकांनी तो उचलला आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पुरस्कार मिळाला, तो एडिटिंगसाठी एम. एस. शिंदे यांना. पुढे २००५ साली त्याच फिल्मफेअरने ‘शोले’ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. म्हणजे समीक्षकही आपला प्रोब हलवतात, फक्त जरा उशिरा.

उलट उदाहरणही आहे. २००४ चा ‘श्वास’. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका लहान मुलाच्या डोळ्याच्या कॅन्सरची गोष्ट. असल्या विषयाला आपणहून कोण गेलं असतं? जाणकारांनी ‘बघा’ म्हटलं, तेव्हा लोक गेले. पुढे ऑस्करच्या प्रचारासाठी तर शाळेतल्या मुलांनीही पैसे दिले. आणि ‘सैराट’च्या वेळी, २०१६ मध्ये, दोन्ही मीटर एकच रीडिंग दाखवत होते. आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि मग आपल्याकडे काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले.

एवढा सिद्धांत मांडून मी स्वतःवर खूश होतो. पण माझी खरी विकेट काढली ती आमच्या मेसच्या काकांनी. त्या शनिवारी ते हात पुसत दारात येऊन उभे राहिले होते. मी त्यांना ‘बसा’सुद्धा म्हणालो नव्हतो, कारण यांना काय कळणार, असं मनात होतं. दोन दिवसांनी पोहे वाढताना ते आपणहून म्हणाले, “तो कोर्टाचा पिक्चर मी शेवटपर्यंत बघितला बरं का. अस्संच असतं. आमच्या भावकीतली जमिनीची केस बारा वर्षं चालू आहे. वकील बोलतो, साहेब तारीख देतात, आपण एसटीनं परत.”

मी गप्प. काकांनी एकही रिव्ह्यू वाचलेला नव्हता. व्हेनिस कुठे आहे हेही बहुधा त्यांना माहीत नसेल. पण जो पिक्चर पस्तीस भावी इंजिनिअरना रटाळ वाटला, तो त्यांना जराही संथ वाटला नाही. कारण त्यांचा काळा प्रोब बारा वर्षांच्या तारखांवर होता. आणि मी? मी पिक्चरचं कौतुक पाठ केलं होतं. न्यायासाठी ताटकळणाऱ्या माणसांवरचा पिक्चर लावला आणि तसाच एक माणूस दारात ताटकळत ठेवला.

त्याच रात्री रूम पार्टनरला सॉरी म्हटलं. तोही हसला. आता आमचा करार झालाय. एक शनिवार माझा, एक त्याचा. पिक्चर सुरू व्हायच्या आधी उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं की कशा प्रकारचा आहे, म्हणजे पनीर-दुधीचा घोळ नको. त्याने पहिल्यांदा ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. मी तो आधी चार वेळा बघितलाय, पण साठ जणांच्या गोंगाटात पाचव्यांदा जास्त हसलो.

तेव्हा मंडळी, रिव्ह्यू जरूर वाचा, पण स्टार मोजू नका. लिहिणारा कुठे उभा राहून बघतोय ते बघा. आणि एखाद्याला पिक्चर आवडला नाही तर त्याची अक्कल काढण्याआधी त्याचा काळा प्रोब कुठे आहे, ते विचारा.

येत्या शनिवारी रात्री नऊ वाजता, कॉमन रूम. खुर्च्या वाढवल्या आहेत. काकांसाठी एक राखीव आहे.